खुर्चीला धरून उभी असलेली बाई

आमच्या मुलीला कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर ती सांगते, "लोकांच्या नातेवाइकांना चारी बाजूंनी सरळ करते." तिचं फोटो फ्रेमचं दुकान आहे. आधी तिच्या बाबांचं होतं, ते गेल्यावर तिने चालवायला घेतलं. गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव चौकटताई ठेवलं आणि ते असं चिकटलं, की वीजबिल वाटणारा माणूसही "चौकटताई आहेत का?" असं विचारत दारात येतो.

तिशी ओलांडलेली, उंचीला बेताची, चालणं भरभर आणि बोलणं त्याहून भरभर. बोटांना कायम एक-दोन ठिकाणी चिकटपट्ट्या, कारण काच कापताना ती हातमोजे घालत नाही. मी रोज सांगते. ती रोज म्हणते, "हातमोज्यांना काच कळत नाही गं आई." शाळेत असताना दप्तर फेकून जी बाबांच्या दुकानात जाऊन बसायची, ती दिवेलागणीलाच घरी. अभ्यासाला बस म्हटलं, की उरलेल्या पट्ट्यांचे तुकडे जोडून गणिताच्या पुस्तकाला फ्रेम करायची आणि म्हणायची, "आता याला भिंतीवर लावू, उघडायला नको." तरी मी तिला बी.कॉम. केलं. दोन ठिकाणी नोकरीला लागली. दोन्हीकडे साहेबांची नक्कल रंगात आली असताना साहेबच मागे येऊन उभे राहिले. नोकऱ्या का गेल्या हे त्यामुळे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. तोंडाला लगाम नाही, हे तिच्याबद्दल मी जितक्यांदा म्हटलंय तितक्यांदा देवाचं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं.

हाताने मात्र ती बाबांच्या वरताण निघाली. चार पट्ट्यांचे कोपरे असे जुळवते की नख फिरवलं तरी सांधा लागत नाही. जुना, पिवळा पडलेला, कडा झिजलेला फोटो कुणी आणला की आधी तो दोन्ही तळव्यांवर घेते, ताटलीवर काही गरम आणावं तसा. गिऱ्हाइकाशी बडबड चालू असली तरी हात त्या बडबडीत नसतात.

तिच्या बाबांचा एक दंडक होता. दुरुस्तीला आलेली फ्रेम उघडली की फोटोच्या मागून नाही नाही ते निघतं. काच हलू नये म्हणून लोक हाताला येईल ते आत कोंबतात. जुनं कॅलेंडर, लग्नपत्रिका, लपवलेलं प्रगतिपुस्तक, एकदा तर कुणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे. बाबा म्हणायचे, "जे मागून निघालं ते मागेच जाईल. आपण पोट उघडलंय ते दुरुस्त करायला, आतलं काढून घ्यायला नाही." पोरीने हा दंडक नेहमी पाळला. एकदाच चुकला, आणि त्या एका चुकीने तिला जे दाखवलं त्यातून ती अजून सावरलेली नाही.

फ्रेमवाल्यांना दुकानाच्या दर्शनी काचेत नमुने लावावे लागतात. रिकामी फ्रेम कुणी घेत नाही. आत कुणीतरी लागतं. कारखान्यातून येतानाच तिच्यात एक छापील जोडपं असतं, सगळ्या फ्रेमांत तेच जोडपं आणि तेच दात. एक दिवस पोरगी वैतागली. "आई, हे दोघं सकाळी कुलूप काढल्यापासून माझ्याकडे बघून हसतात. यांना काही कामधंदा नाही का?"

दुकानात बेवारशी फोटोंची एक पत्र्याची पेटी होती. डाग काढायला, मोठे करायला दिलेले आणि न्यायला कुणी न आलेले फोटो. बाबांनी त्यातला एकही टाकला नव्हता. त्यात रद्दीवाल्याकडून जुन्या फ्रेमांबरोबर आलेल्यांची भर पडत गेली. कुणाचं नाव नाही, गाव नाही. पोरीने त्या जोडप्याला सुट्टी दिली, पेटीतली माणसं निवडून नमुन्याच्या फ्रेमांत बसवली आणि प्रत्येकाखाली एक छोटं कार्ड लावलं. कार्डावर त्या माणसाचा इतिहास. सगळा पदरचा.

एक मिशाळ गृहस्थ पाय पुढे करून बसलेले होते. त्यांच्याखाली लिहिलं: 'यांनी आयुष्यात एकदाच नवे बूट घेतले. ते दिसावेत म्हणून फोटोग्राफरला मागे सरका, अजून मागे सरका म्हणत राहिले. फोटोग्राफर जिन्यावरून खाली गेला. हा फोटो मेव्हण्याने काढला आहे. मेव्हणा बुटांवर डोळा ठेवून होता.' एक कचेरीतल्या माणसांचा घोळका होता, सगळे गंभीर. त्याखाली: 'निरोप समारंभ. ज्यांना निरोप द्यायचा होता ते कंटाळून आधीच घरी गेले. डावीकडून तिसरे चहा कुठवर आला ते बघत आहेत.' लाकडी घोड्यावर बसलेल्या एका रडक्या बाळाखाली: 'पुढे हे मोठे अधिकारी झाले. घोडा मात्र होता तिथेच राहिला, कारण त्याची वरपर्यंत ओळख नव्हती.'

मला हसू आवरलं नाही. तरी आईपणाने म्हटलं, "अगं, कुणाच्या तरी घरची माणसं आहेत ती."

"होती," ती म्हणाली. "आता माझ्या घरची आहेत. आणि चेष्टा काय परक्यांची करतात?"

खरं म्हणजे मला तिला अडवायचंही नव्हतं. दुकानासमोर माणसं थांबायला लागली होती. काच पुसायची राहिली तर तक्रार यायची, वाचता येत नाही म्हणून. बाबा गेल्यानंतर मी पहिल्यांदाच तिला असं मजेत पाहत होते आणि डबा घेऊन दुपारी दुकानात गेले की तासभर गल्ल्यावर बसून लोकांची तोंडं बघायची मला चटक लागली होती. नातेवाइकांना फोनवर वाचून दाखवायचे. आमचीच लिहिते हो, असं दोनदा सांगायचे.

सगळ्यांत गाजली ती खुर्चीची बाई. विशीतली मुलगी, एक हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट, हनुवटी वर, डोळे कॅमेऱ्यात रोखलेले. मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि जिना. कमरेला नक्षीच्या पट्ट्यासारखं काहीतरी. खुर्ची रिकामी. कार्ड असं होतं: 'या बाई कडक इस्त्रीचे कपडे घालून आल्या होत्या. फोटोग्राफर म्हणाला, बसा. बाई म्हणाल्या, इस्त्री मोडेल. फोटो झाला तरी बसल्या नाहीत. बसमध्ये उभ्या, जेवताना उभ्या, झोपल्या त्याही कपाटाला टेकून. आयुष्यात कधी बसल्या नाहीत. ही खुर्ची त्यांच्या वारसांकडे अजून कोरी करकरीत आहे.'

कॉलेजच्या पोरांच्या एका घोळक्याने याचा फोटो काढला आणि तो फोनवरून जिकडेतिकडे गेला. "इस्त्रीवाली बाई इथेच ना?" असं विचारत लोक लांबून यायला लागले. पोरीने तिला मधोमध, सगळ्यांत चांगल्या फ्रेममध्ये बसवलं.

एका दुपारी मागच्या गल्लीतले शिंपीकाका काचेबाहेर येऊन उभे राहिले. सत्तरीचे, किरकोळ, गळ्यात मोजायची टेप इतकी मुरलेली की ती काढली तर मान दुखत असेल. बराच वेळ उभे होते. मग आत आले.

"या काका," पोरगी म्हणाली. "आज वाट चुकलात?"

"ती फ्रेम द्या."

"कुठली?"

"मधली. खुर्चीची."

"इस्त्रीवाली होय. पारख आहे बरं का तुम्हाला. थांबा, फोटो काढून देते. तुमचा फोटो आणलाय?"

"फोटोसकट द्या."

"अहो, हिला नेऊन काय करणार? बसायचं नाव घेणार नाही, दुकानात गिऱ्हाइकाची जागा अडवेल."

"फोटोसकट," काका पुन्हा म्हणाले.

तिने खांदे उडवले आणि फ्रेम कागदात बांधली. कार्ड त्यांच्यापुढे धरलं. "आणि हा इतिहास फुकट. इस्त्रीचाच आहे, तुमच्याकडे शोभेल."

काकांनी कार्ड घेतलं, चष्मा वर करून पूर्ण वाचलं आणि काउंटरवर ठेवलं. ठेवताना त्याची कड काउंटरच्या कडेला समांतर लावली, कापड ठेवावं तशी.

"हे राहू दे, पोरी. ती बसलेलीच असते."

"कोण?"

"कायम बसलेलीच असते," काका म्हणाले, पैसे ठेवले आणि फ्रेम छातीशी धरून गेले.

"काय बिनसलंय आज काकांचं?" पोरगी मधल्या रिकाम्या जागेत दुसरा फोटो लावत म्हणाली.

"घरी बहीण आहे ना त्यांची, आत्या," मी म्हटलं. काकांची मुलं आत्या म्हणायची म्हणून सगळी गल्लीच तिला आत्या म्हणते. "पायाने अधू आहे, दिवसभर आत बसून काज-बटण करते. तिला गंमत दाखवायला नेली असेल."

हे मी अगदी सहज बोलले. बोलता बोलता पाहिलं, तर पोरीचा हात काचेतच थांबला होता.

"आई," ती म्हणाली, "मागच्या वर्षी काकांची एक फ्रेम आली होती. होड्यांचं चित्र."

मग ती खाली स्टुलावर बसली आणि मला तुकड्या-तुकड्याने सांगितलं. होड्यांचं छापील चित्र, काच तडकलेली. फ्रेम उघडली तर मागच्या पुठ्ठ्याला कसर लागून भुगा झालेला, आणि त्या भुग्यात एक फोटो. कसर बाकीच्या मालाला लागू नये म्हणून तिने भुगा बाहेर फेकला, फोटो ब्रशने झाडून साफ केला आणि उन्हात ठेवला. ऊन दिलं की मागे घालू, असं मनाशी म्हणाली. तेवढ्यात काका घाईत आले. तिने नवा पुठ्ठा ठोकून फ्रेम त्यांच्या हातात दिली. संध्याकाळी आवराआवर करताना फोटो उन्हातून उचलला तो पत्र्याच्या पेटीत गेला, आणि पेटीत गेलेला फोटो म्हणजे बेवारशी. पुढे कधीतरी तिनेच तो बाहेर काढला. तिला वाटलं, बाबांच्या वेळचा असेल.

वीस वर्षं तरी मी आत्याला ओळखते. माझ्या किती कपड्यांना तिने बटणं लावली असतील. आणि तोच चेहरा महिनाभर समोर ठेवून मी हसत होते. हनुवटी तीच होती, डोळे तेच होते. मी चेहरा पाहिलाच नव्हता. कार्ड वाचत होते.

पोरगी उठली आणि दुकान तसंच टाकून मागच्या गल्लीत निघाली. मी शटर अर्धं ओढून तिच्यामागे धावले. काकांच्या दुकानात पुढे कापड बेतायचं आणि इस्त्रीचं टेबल, मध्ये पडदा, पडद्यामागे शिलाईचं मशीन आणि घर. आम्हाला बघताच काका कात्री ठेवून बाहेर आले आणि आम्हाला कोपऱ्यावरच्या नळापाशी घेऊन गेले, पडद्यापर्यंत आवाज जाणार नाही इतकं लांब.

"काका, तो फोटो..."

"हळू बोल."

त्यांनी सांगितलं ते मी त्यांच्याइतकंच थोडक्यात सांगते. लहानपणीच्या तापात आत्याचे पाय गेले. विशीत आल्यावर तिने एकच हट्ट धरला, माझा एक फोटो काढा, उभ्याने. स्टुडिओवाल्याने खुर्ची दिली. काका खुर्चीच्या मागे गुडघ्यांवर बसले आणि तिच्या कमरेला धरून राहिले. "नीट बघितलंस तर माझी चार बोटं दिसतात," ते म्हणाले.

"मी तो पट्टा समजले," पोरगी म्हणाली. आवाज तिचा वाटला नाही मला.

फोटो चांगला आला. इतका चांगला, की त्यांच्या आईला मोह झाला. आत्याला न विचारता तिने तो एका स्थळाकडे पाठवला. माणसं आली. आत्या बसलेली होती. मुलाची आई गोड आवाजात म्हणाली, जरा उठून उभी राहतेस का. एवढंच. ती माणसं पाणीही न पिता गेली. त्यानंतर काकांची आई म्हणाली, तो फोटो फाडून टाक. काकांनी फाडला म्हणून सांगितलं आणि होड्यांच्या मागे घातला.

"मी त्यांची माफी मागते," पोरगी म्हणाली. "आत्ताच येते आत."

"आणि काय सांगशील? की रस्त्यावरची माणसं तुमच्याकडे बघून हसली? तिला यातलं काही माहीत नाही. फोटो आहे हेही माहीत नाही. तुझ्या मनावरचं ओझं तिच्या डोक्यावर नको ठेवूस."

खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. आईचं मन असंच असतं, आपलं लेकरू वाचलं की आधी सुस्कारा टाकतं आणि मग लाजतं. मीही लाजले, पण नंतर.

पोरीने त्याच दिवशी सगळी कार्डं काढली. बूटवाले, कचेरीवाले, घोडावालं बाळ, सगळे फोटो पेटीत परत गेले. लोक विचारायचे, "काय चौकटताई, स्टॉक संपला?" ती म्हणायची, "हो." तिचं एका शब्दात उत्तर म्हणजे घरात कुणीतरी आजारी असल्याची खूण आहे. जेवायला बसली की भाताकडे बघत बसायची. मी म्हणायचे, "अगं, मुद्दाम केलंस का? चुकून झालं." ती म्हणायची, "फोटो चुकून आला, आई. कार्ड मी मुद्दाम लिहिलं. तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिलं, जास्त हसू यावं म्हणून."

काचेतून काढलं तरी फोनमधून काढता येत नाही. एका सकाळी माझ्याच फोनवर माझ्या मावसबहिणीकडून इस्त्रीवाली बाई आली. खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली पाच-सहा तोंडं. 'तुझ्या लेकीचं ना हे? आमच्या इथे सगळ्यांकडे आलंय.' मी तो पोरीला दाखवला नाही. फोन उशीखाली ठेवला, जणू उशीखाली ठेवला की तो इतरांच्या फोनमधूनही जाणार होता. रोज एकच विचार, हे आत्यापर्यंत पोचू नये. कोण दाखवणार तिला, ती कुठे बाहेर पडते, असं मी स्वतःला समजावत होते.

ती बाहेर पडत नाही, पण गिऱ्हाइकं आत जातात. कपडे अंगावर घालून बघायला गेलेल्या एका मुलीने वेळ जावा म्हणून फोन पुढे केला. "आत्या, हे बघा, काय भारी लिहिलंय."

काका स्वतः दुकानात आले. "तिने बोलावलंय," ते पोरीला म्हणाले.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. फोन हातात धरून बसली होती. स्क्रीन काळी झाली तरी धरून होती. त्या मुलीला काढून घ्यावा लागला."

पोरीने हात धुतले. मी पदर सावरून उठले.

"तू कशाला?"

"मला बटणं घ्यायचीत."

"आई."

"चार बटणं," मी म्हटलं आणि पुढे झाले.

आत्या भिंतीला टेकून बुटक्या बैठकीवर बसली होती. पायांवर चादर, चादरीवर कुणाचातरी कोट, हातात सुई. शेजारी आमची फ्रेम उभी केलेली. काकांनी ती कापडाच्या गठ्ठ्याखाली लपवली होती, तिने काढायला लावली होती. समोरच्या भिंतीवर होड्या होत्या.

"बसा," ती म्हणाली. आम्ही सतरंजीवर बसलो. सुई थांबली नाही. "तू लिहिलंस?"

"हो, आत्या."

"अक्षर चांगलं आहे. मजकूर चुकलाय. मी शिंप्याच्या घरची. इस्त्री मोडली तर पुन्हा करता येते एवढं आम्हाला कळतं. त्यासाठी कुणी उभं राहत नाही."

पोरीने दुकानातून निघाल्यापासून जे पाठ केलं होतं ते एका दमात म्हटलं. "आत्या, माझं चुकलं. तो फोटो तुमचा आहे हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी कधीच लिहिलं नसतं."

"तर दुसऱ्या कुणावर लिहिलं असतंस."

आत्याने टाका ओढून घेतला.

"तिचा भाऊ मागच्या गल्लीत राहत नसता, एवढंच."

मला राहवलं नाही. "आत्या, ती मनाने वाईट नाही हो. आपलं तोंडाने जरा..."

"वाईट कोण म्हणतंय तिला," आत्या म्हणाली. काजाची कड तिने बोटाने चाचपली, टाका पक्का बसला का ते पाहिलं. "मी पण हसले असते. दुसरी कुणी असती तर."

हे ऐकून पोरीने मान जी खाली घातली ती वर केली नाही. आत्या रागावली असती, रडली असती तर आम्हाला सोपं गेलं असतं. रागावलेल्या माणसासमोर हात जोडता येतात. समोरची बाई स्वतःलाही आपल्या चुकीत ओढून घेते आणि तरी आपल्याला सोडत नाही, तेव्हा हात कुठे ठेवायचे तेही कळत नाही.

आत्या भावाकडे वळली. "आणि तू. फाडला म्हणालास."

"आई फाड म्हणाली होती."

"मी विचारलं होतं तुला. रडत विचारलं होतं."

"फाडवला नाही," काका टेपशी चाळा करत म्हणाले.

"मग तसं सांगायचंस. इतकी वर्षं मी होड्या बघतेय."

गळ्यातली टेप काकांनी गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"त्या होड्या काढा," आत्या म्हणाली, "आणि हा लावा. मशीनच्या बाजूच्या भिंतीवर. तिथे उजेड आहे."

"तिथे कशाला? येणारा-जाणारा बघेल."

"त्यांचा बघून झालाय. मीच राहिलेय."

काकांनी मशीनच्या खणातून हातोडी आणि खिळा काढला, मापाचा खडू दिला. काम हाती आल्यावर पोरीला जरा श्वास आला असावा. पटकन उठली. फ्रेम टांगायची तर खिळा कुठे मारायचा हे आमच्या धंद्यात ठरलेलं आहे. भिंतीसमोर उभं राहायचं, डोळ्यांच्या रेषेत हात टेकवायचा, तिथे फोटोचा मध्य. ती भिंतीसमोर उभी राहिली, डोळ्यांच्या रेषेत हात टेकवला आणि खडूने ठळक फुली मारली.

"कुणासाठी लावतेयस?" आत्याने मागून विचारलं.

पोरगी वळली नाही. तिची मान आणि कान लाल होत गेलेले मी पाठीमागून पाहिले. एवढं सगळं बोलून-ऐकून झालं होतं, आणि हात आपला नेहमीसारखा उभ्या माणसाच्या उंचीवर गेला होता. तिच्याच का, माझ्याही लक्षात आलं नव्हतं. तिने फुली मारली तेव्हा मी मनात म्हणाले होते, हं, बरोबर मध्यावर घेतली.

तिने तळव्याने फुली पुसली. ती गेली नाही, पांढरी पसरली. मग ती येऊन आत्याच्या शेजारी जमिनीवर बसली, डोकं तिच्या डोक्याच्या उंचीवर आणलं आणि तिथून भिंतीकडे पाहिलं.

"इथून ना? इथपर्यंत?"

"अजून खाली. कामात माझी मान वाकलेली असते. नुसते डोळे उचलले की दिसला पाहिजे."

काका भिंतीशी उकिडवे बसले आणि बोट खाली खाली सरकवत गेले. आत्या थांब म्हणाली तेव्हा बोट मशीनच्या फळीच्या जरासं वर होतं. खिळा तिथे ठोकला. पोरीने फ्रेम अडकवली, दोन्ही कोपरे बोटाने सरळ केले, नेहमीपेक्षा जास्त वेळ सरळ करत राहिली.

"ठीक आहे?" तिने विचारलं.

"दिसतोय," आत्या म्हणाली, दाताने दोरा तोडला आणि पुढचं काज घेतलं.

माफ केलं असं ती म्हणाली नाही. विचारायची आमची छातीही झाली नाही. काका दारापर्यंत आले आणि परत फिरले.

गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा पोरगी थांबली. "आई, तो खडूचा डाग राहिला भिंतीवर. ओल्या फडक्याने निघतो. सांगायला हवं होतं."

"मग जा, सांगून ये," मी म्हटलं. "मी थांबते."

ती दोन पावलं गेली. पडद्यामागून मशीनचा आवाज सुरू झाला होता. तो ऐकत ती थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि परत आली. मीही पुन्हा जा म्हटलं नाही.